चोल्गा२०११

दोनशे चौदा संगणक.
कास्त्रो गावात, मच्छीमार संघाच्या माडीवर बसून
मी ते सगळे एका पडद्यावर पाहते.
हिरवा ठिपका म्हणजे जागा.
राखाडी म्हणजे झोपलेला, बिघडलेला, किंवा
कुणीतरी प्लग काढून तिथे किटली लावलेली.

माझ्याआधी इथे नोल्बेर्तो होता.
चिलोएच्या बेटाबेटांवर, दवाखान्यांत, शाळांत,
त्यानं स्वतः पेट्या नेल्या, होडीतून, मग पाठीवर, चिखलातून,
आणि दुरून आत शिरायचं सॉफ्टवेअर घालून ठेवलं.
पासवर्ड सगळीकडे एकच:
त्याच्या कुत्रीचं नाव, आणि ती घरी आली ते साल.
नोल्बेर्तो निवृत्त झाला. कुत्री गेली.
नाव मात्र दोनशे चौदा दारांशी
अजून राखण करत बसलेलं,
आणि जो कोणी हाक मारील त्याला
शेपटी हलवत आत घेणारं.

सहा वर्षं मीही तशीच शिरले. न ठोठावता.
प्रिंटर बघायला जायचे आणि समोर असायचं
अर्धं लिहिलेलं राजीनाम्याचं पत्र,
पत्त्यांचा हरत आलेला डाव,
कुणाच्या तरी एक्स-रेमधल्या फासळ्या.
मी काही वाचलं नाही, असं म्हणते.
डोळ्यांना पापण्या असतात,
माउसच्या बाणाला नसतात.

जुलैतल्या एका रात्री जुनं काढून नवं घालायला घेतलं.
हे काम कसं, तर
ज्या फांदीवर बसलोय तीच करवतीनं कापायची,
शेजारच्या फांदीला हात पोचतो का ते आधी बघून.
आधी दहा. मग पन्नास.
मग शेगडीत लाकूड सारलं, कॉफी गार होऊ दिली,
आणि उरलेले सगळे.
एक चूक, की अख्खी बेटं माझ्या हातून सुटणार;
पुढे लाँच, आठवड्यातून दोनदा,
तीही समुद्राची मर्जी असली तर.
पहाटे चारला दोनशे तेरा हिरवे.

नव्यात एक चौकोन येतो.
पलीकडच्या माणसाला विचारतो, येऊ द्यायचं का?
हो. नाही.
वीस सेकंद उत्तर आलं नाही, तर नाहीच.
वरच्यांना पटलं नव्हतं, वेळ जातो म्हणे.
मी हट्टानं ठेवलं,
आणि पहिल्याच सोमवारी
आपियाओच्या दवाखान्यातून एदिता वेन्चूरनं दाबलं:
नाही.

पुन्हा विचारलं. नाही.
राग आला, खरं सांगते.
तक्रार तिचीच होती, लसींची यादी उघडत नाही म्हणून.
फोन लावला, तर ती कुजबुजली,
"समोर एक बाई बसलीय. पडद्यावर तिचं नाव आहे.
तिनं अजून नवऱ्याला सांगितलेलं नाही,
तुला आधी कशाला?"

फोन ठेवला तरी हात माउसवरच होता. काढून घेतला.
खाली धक्क्यावर दोघंजण शिंपल्यांच्या जाळ्या
पाइपानं धूत होते, त्यांच्याकडे बघत बसले.
पाऊण तासानं परत गेले, विचारलं.
हो.
पडद्यावर फक्त लसींची यादी,
बाकी सगळं मिटलेलं,
पाहुणा येणार म्हणून खोली आवरतात तसं.

एक राखाडी उरलाय.
केनाक-०१. शेवटचा दिसला दोनशे सहा दिवसांपूर्वी.
शाळेच्या कपाटात असेल, नाहीतर कुणाच्या घरी.
नोल्बेर्तो म्हणतो, मास्तरला विचार.
मास्तर नवा आहे, त्याला कपाटाची किल्ली सापडत नाही.
नियमानं मी त्याला यादीतून खोडायला हवं.
रोज सकाळी पडदा उघडते, आधी तिथेच बघते.
कधीतरी कुणी वायर जोडील
आणि तो जागा होईल,
सगळ्या बेटांवर एकटाच,
अजून
चोल्गा म्हटलं की ओळखणारा.